भाजायचं नाही, गोठवायचं नाही: एएफवरच्या नव्या अ‍ॅब्लेशनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एट्रियल फिब्रिलेशनबद्दल, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याच्या ज्या आजाराला आता पेशंटसुद्धा सरळ एएफ म्हणतात त्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यात हृदयातल्या काही पेशी मारून ठोके ताळ्यावर आणायच्या, उष्णता न वापरता होणाऱ्या अ‍ॅब्लेशनचा एक ओझरता उल्लेख होता, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दामच काढून टाकलीत.

कोथरूडहून एक वाचक लिहितात: मॅडम, माझ्या मिस्टरांचं वय ६१. दोन वर्षांपासून एएफ आहे, येतं आणि जातं. आलं की चार-पाच तास नुसती धडधड, जिना चढवत नाही, बोलताना धाप लागते. ठोक्यांसाठी अमिओडॅरोन हे औषध चालू होतं पण थायरॉइडचे रिपोर्ट बिघडले म्हणून बंद केलं. आता डॉक्टर म्हणतात अ‍ॅब्लेशन करून घ्या, आणि ते नवीन पल्स्ड फील्डवालं करा. करंट देतात म्हणे. म्हणजे हा शॉकच झाला ना? नक्की काय करतात ते कुणी नीट सांगतच नाही, मला फार भीती वाटतेय.

ताई, आधी अ‍ॅब्लेशन कशासाठी करतात ते सांगते, म्हणजे नवीन-जुनं हा फरक आपोआप कळेल. हृदयाचे वरचे दोन कप्पे असतात, त्यातल्या डाव्या कप्प्यात फुप्फुसांकडून शुद्ध रक्त घेऊन येणाऱ्या चार शिरा उघडतात. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या हायसाग्युएर आणि त्यांच्या टीमने दाखवून दिलं की एएफ सुरू करणाऱ्या ज्या ठिणग्या असतात त्या बहुतेक वेळा या शिरांच्या तोंडापाशीच उडतात, कारण हृदयाचा स्नायू थोडासा त्या शिरांमध्येही शिरलेला असतो. त्यांच्या ४५ पेशंटमध्ये सापडलेल्या अशा जागांपैकी ९४ टक्के या शिरांमध्येच होत्या. तेव्हापासून एएफच्या अ‍ॅब्लेशनचा गाभा एकच राहिलाय, या शिरांच्या तोंडाभोवती गोल बांध घालायचा, मेलेल्या पेशींचा बांध, म्हणजे आत कितीही गडबड झाली तरी ती वीज बाहेर कप्प्यात येणार नाही.

आता हा बांध घालायचा कसा, एवढाच काय तो प्रश्न. रेडिओफ्रीक्वेन्सीमध्ये कॅथेटरचं, म्हणजे शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीचं, टोक तापवून एकेक ठिपका भाजत जातात, साधारण ५० डिग्रीच्या वर गेलं की पेशी मरते. क्रायोमध्ये एक फुगा शिरेच्या तोंडाशी बसवून नायट्रस ऑक्साइडने गोठवतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, हजारो लोक त्यांनी बरे झालेत, हे मी आधीच सांगून ठेवते कारण नवीन काही आलं की जुनं एकदम टाकाऊ वाटायला लागतं आणि ते खरं नाही. अडचण एवढीच की उष्णता किंवा थंडी हृदयाच्या भिंतीपाशी येऊन थांबत नाही. डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीला चिकटून, काही मिलिमीटरवर अन्ननलिका असते. उजव्या बाजूच्या शिरेजवळून श्वासपटलाची नस जाते. भाजता भाजता अन्ननलिकेला इजा झाली तर फार क्वचित हृदय आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडतं, आणि ते क्वचित असलं तरी जिवावर बेततं, म्हणूनच आम्ही सगळे त्याला इतके घाबरतो.

पल्स्ड फील्डमध्ये भाजायचंही नाही आणि गोठवायचंही नाही. कॅथेटरच्या टोकावर बारीक बारीक इलेक्ट्रोड असतात, त्यांच्यामध्ये खूप जास्त व्होल्टेजचे, एका प्रचलित सिस्टिममध्ये साधारण २००० व्होल्टचे, पण सेकंदाच्या काही लाखाव्या भागाइतक्या छोट्या वेळाचे झटके सोडतात. वेळ इतका कमी असतो की तापमान म्हणावं असं वाढतच नाही. होतं काय, तर पेशीच्या आवरणाला सूक्ष्म भोकं पडतात, त्याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात, आणि भोकं पुरेशी पडली की ती पेशी सावरत नाही, पुढच्या काही तासांत मरते. हृदयाच्या स्नायूच्या पेशींना हे जितक्या कमी ताकदीत लागू पडतं तितक्यात अन्ननलिकेला किंवा नसेला कायमची इजा सहसा होत नाही, आणि पेशी मेल्या तरी मधलं तंतूंचं जाळं टिकून राहतं. या पद्धतीचं सगळं अप्रूप इथेच आहे.

शॉक म्हणाल तर छातीवर पॅड लावून देतात तसला हा नव्हे. करंट त्या इलेक्ट्रोडच्या आसपासच फिरतो. पण शरीराला काहीच जाणवत नाही असंही नाही हं, प्रत्येक झटक्याला छातीचे स्नायू उडतात, खोकल्याची ढास येते, त्यामुळे पूर्ण भूल किंवा गाढ झोप येईल असं औषध देऊनच करतात, तुमच्या मिस्टरांना काही आठवणारही नाही.

कॅथलॅबमध्ये प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते, कारण भीती बरेचदा न दिसणाऱ्या गोष्टीचीच असते. जांघेतल्या शिरेतून नळी वर जाते, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छोटं छिद्र करून डाव्या कप्प्यात पोचतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू असतं. मग एका प्रकारच्या कॅथेटरचं टोक आधी बास्केटच्या आकारात उघडतात, नंतर पाकळ्या पूर्ण पसरून फुलाच्या आकारात, आणि मध्ये थोडं थोडं फिरवून एकेका शिरेपाशी साधारण आठ वेळा पल्स देतात. प्रत्येक वेळ अडीच सेकंदांची. स्क्रीनवर शिरेतून येणाऱ्या टोकदार रेघा दिसत असतात, आणि पहिल्या एक-दोन पल्सलाच त्या गायब होतात, तिथली रेघ सपाट होते. ते बघताना फार छान वाटतं, पण कसलेला डॉक्टर तिथे थांबत नाही, कारण काही पेशी नुसत्या बधिर झालेल्या असू शकतात आणि त्या नंतर जाग्या होतात, मग बांधाला खिंडार पडतं. म्हणून सिग्नल गेल्यावरही फिरवून फिरवून ठरलेल्या सगळ्या पल्स द्यायच्याच असतात. तुमच्या डॉक्टरांना विचारायचंच असेल तर मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारू नका, तुम्ही स्वतः एएफची किती अ‍ॅब्लेशन केलीत, या पद्धतीने किती केलीत, आणि काही गुंतागुंत झाली तर रात्री-अपरात्री हार्ट सर्जन हाताशी असतो का, हे विचारा. असं विचारलेलं चांगल्या डॉक्टरांना आवडतं.

मिस्टरांच्या बाबतीत मला हा सल्ला योग्य वाटतो. त्रास स्पष्ट आहे, एएफ येऊन-जाऊन आहे, औषध सोसलं नाही. अशाच लोकांना अ‍ॅब्लेशनचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

सदाशिव पेठेतून एक ज्येष्ठ वाचक: डॉक्टर, तुमच्या क्षेत्रात दर पाच वर्षांनी काहीतरी क्रांतिकारक येतं आणि दहा वर्षांनी त्याचे दुष्परिणाम कळतात. वय ६९, मला एएफ आहे. नवीन पद्धतीचा प्रयोग माझ्यावर का व्हावा? आकडे असतील तर द्या, जाहिरात नको.

काका, प्रश्न रास्त आहे, आणि तुम्ही आकडे मागितलेत तर आकडेच देते.

हृदयात वीज सोडून उपचार करणं तसं नवं नाही. १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शाइनमन यांनी कॅथेटरमधून डीसी शॉक देऊन अ‍ॅब्लेशन केलं होतं, पण तो झटका इतका ढोबळ होता की आतल्या आत छोटा स्फोटच व्हायचा, मग रेडिओफ्रीक्वेन्सी आली आणि ते मागे पडलं. आताचं तंत्र त्याच विजेला फार बारीक लगाम घालून आलंय. माणसांमधल्या एएफवर त्याच्या पहिल्या केसेस २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या, युरोपात २०२१ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने पहिलं उपकरण डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलं.

आता तुलना. २०२३ मध्ये अमेरिकेतली अ‍ॅडव्हेंट ही ट्रायल प्रसिद्ध झाली. ६०७ पेशंट, निम्म्यांना पल्स्ड फील्ड, निम्म्यांना भाजण्याची किंवा गोठवण्याची पद्धत. एका वर्षानंतर यशाचं प्रमाण ७३.३ टक्के विरुद्ध ७१.३ टक्के. म्हणजे काय, तर नवीन पद्धत जुन्यापेक्षा कमी पडली नाही. खूप सरस ठरली असंही नाही! गंभीर गुंतागुंतीतही तिथे मोठा फरक दिसला नाही. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधून २१० पेशंटची एक ट्रायल आली, तिच्यात छातीत कातडीखाली मॉनिटर बसवून वर्षभर ठोके मोजले, त्यामुळे छोटंसं एएफसुद्धा सुटलं नाही. तिथे गोठवलेल्यांपैकी ५०.७ टक्क्यांना आणि पल्स्ड फील्डवाल्यांपैकी ३७.१ टक्क्यांना पुन्हा काही ना काही दिसलं. इथे नवीन पद्धत पुढे आहे हे खरं, पण तो ३७ चा आकडा जरूर लक्षात ठेवा, कारण "एकदा केलं की कायमचं गेलं" असं कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. अर्थात पुन्हा दिसलं म्हणजे पूर्वीइतकाच त्रास होतो असंही नसतं, बऱ्याच जणांना अधूनमधून मिनिटभर येतं आणि कळतही नाही.

सुरक्षेबाबत फार मोठी माहिती २०२४ ची आहे, वीस देशांतल्या १७,६४२ पेशंटची. त्यात अन्ननलिकेला भोक पडल्याची एकही केस नाही, शिर आकसल्याची नाही, श्वासपटलाची नस कायमची गेल्याची नाही. मला स्वतःला या पद्धतीबद्दल विश्वास वाटायला लागला तो हे वाचून. पण त्याच पेशंटमध्ये सुमारे १ टक्का लोकांना मोठी गुंतागुंत झालीच. हृदयाभोवती रक्त साचणं ०.३६ टक्के, स्ट्रोक ०.१२ टक्के, मृत्यू ०.०३ टक्के. नळी आत घालायची, पडदा भेदायचा, हा भाग तसाच राहतो ना, त्याचा धोका वीज कुठलीही वापरली तरी जात नाही.

आणि या पद्धतीचे स्वतःचे असे दोन त्रास आहेत जे आधी नव्हते. एक म्हणजे पल्सने लाल रक्तपेशी फुटतात, खूप जास्त पल्स दिल्या तर लघवी लालसर-काळपट होते आणि क्वचित किडनीवर ताण येतो, त्यामुळे ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) आधीच वाढलेलं आहे त्यांनी हे आवर्जून सांगायचं, पल्सची संख्या आवरती ठेवतात आणि सलाइन देतात. दुसरं, हृदयाच्या रक्तवाहिनीजवळ पल्स दिली तर ती वाहिनी तात्पुरती आवळते, नायट्रोग्लिसरीनने बहुतेक वेळा सुटते. शिवाय सगळी उपकरणं सारखी नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने स्ट्रोकच्या काही घटनांमुळे आपल्या कॅथेटरचा वापर थोडे आठवडे थांबवला होता, चौकशी करून मग पुन्हा सुरू केला.

तेव्हा काका, प्रयोगाचा टप्पा मागे पडलाय असं मी नक्की म्हणेन. पण तुम्हाला एएफचा त्रास काय होतोय हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. काहीच त्रास नसेल, हृदयाची ताकद चांगली असेल, तर आधी त्यावर डॉक्टरांशी निवांत बोला, पद्धत कुठली हा नंतरचा प्रश्न.

हडपसरहून, वय ४३, आयटीत नोकरी: माझ्या स्मार्टवॉचने तीन वेळा एएफ दाखवलं. मला तसं काही होत नाही. ऑनलाइन वाचलं की लवकर अ‍ॅब्लेशन केलं तर रिझल्ट चांगला. मग लगेच करून टाकू का? वजन ९८ आहे, वीकेंडला ड्रिंक्स होतात.

अरे, थांब जरा. घड्याळ सांगतं ती सूचना, निदान नव्हे. घड्याळाने दाखवलं की त्याची पीडीएफ सेव्ह कर आणि डॉक्टरांना दाखव, साधा ईसीजी, लागलं तर होल्टर (दिवसभर ठोके नोंदणारं यंत्र), इको, थायरॉइड, बीपी, शुगर. थायरॉइड जास्त असेल तर निव्वळ त्यानेही एएफ येतं आणि तिथे अ‍ॅब्लेशनचा काही संबंधच नाही. एकाच्या घड्याळाला साधे मधले जादा ठोके एएफ वाटतात, दुसऱ्याला खरंच एएफ असतं आणि पत्ता नसतो, दोन्ही होतं.

लवकर ताल सांभाळलेला बरा हे तू वाचलंस ते चूक नाही, २०२० च्या एका मोठ्या युरोपियन ट्रायलमध्ये निदानानंतर वर्षभराच्या आत ताल सांभाळण्याचे उपचार सुरू केलेल्यांना स्ट्रोक आणि हार्टचे बाकीचे प्रॉब्लेम कमी झाले, पण त्यात बहुतेकांचे उपचार औषधांचे होते.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शेवटची ओळ. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी जाड एएफ पेशंटचा काही वर्षं पाठपुरावा केला, ज्यांनी वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवलं आणि ते टिकवलं त्यांची एएफपासून मोकळं राहण्याची शक्यता बाकीच्यांच्या सहापट निघाली. सहापट! इतका फरक पाडणारी गोळी माझ्याकडे नाही. ऑस्ट्रेलियातलीच २०२० ची दुसरी ट्रायल, नियमित पिणाऱ्या १४० एएफ पेशंटपैकी निम्म्यांना दारू बंद करायला सांगितली, सहा महिन्यांत त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांना एएफ परत आलं, पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना. तू घोरतोस का हे घरच्यांना विचार, झोपेत श्वास अडकत असेल तर त्याची टेस्ट करून घे, कारण ते तसंच ठेवून केलेलं अ‍ॅब्लेशन टिकत नाही. तळजाईवर किंवा हडपसरातच कुठे रोज चालायला सुरुवात कर, सहा महिने दे स्वतःला. एएफ खरंच आहे असं ईसीजीवर ठरलं तर ब्लड थिनर, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, लागेल की नाही हे मात्र डॉक्टरांना लगेच विचार, ते सहा महिन्यांवर टाकायचं नाही.

चिंचवडहून एक मुलगी विचारते: आईचं वय ७४, बीपी आणि शुगर दोन्ही. चार वर्षांपूर्वी छोटा स्ट्रोक येऊन गेला, तोंड वाकडं झालं होतं पण दिवसभरात ठीक झाली. गेल्या वर्षी पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन झालं, तेव्हापासून ईसीजी एकदम नॉर्मल. आता आई म्हणते, ठोके बरोबर पडतायत तर ती रक्त पातळ करायची गोळी कशाला? हिरड्यांतून कधी कधी रक्त येतं. बंद करू का?

नाही. कृपा करून स्वतःहून बंद करू नका.

सगळ्या पत्रांमध्ये मला हे सर्वात महत्त्वाचं वाटतं कारण ही गल्लत घरोघरी होते, शिकल्या-सवरल्या घरांतसुद्धा. अ‍ॅब्लेशन धडधड, धाप, थकवा कमी करायला असतं. गोळी स्ट्रोक टाळायला असते. कामं वेगळी. एएफमध्ये वरचा कप्पा आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो, डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी लागून असते, त्यात रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे जाते. ठोके सुधारले तरी वय, बीपी, शुगर आणि आधीचा स्ट्रोक तिथेच आहेत, आणि बीपी-शुगरने कप्प्याची भिंत वर्षानुवर्षं खराब झालेली असते ती एका अ‍ॅब्लेशनने नवी होत नाही. वर, एएफ परत येतं तेव्हा बरेचदा कळत नाही. अ‍ॅब्लेशनच्या आधी एएफ आलं की धडधडायचं, नंतर तेवढं जाणवत नाही, असं खूप पेशंटमध्ये दिसतं. वर्षातून दोनदा काढलेला नॉर्मल ईसीजी म्हणजे त्या दहा-दहा सेकंदांचा पुरावा, बस.

आम्ही स्ट्रोकच्या जोखमीचे मार्क मोजतो. ६५ च्या पुढे एक, ७५ ला दोन, बीपीचा एक, शुगरचा एक, हार्ट फेल्युअरचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक, आणि आधी स्ट्रोक किंवा मिनी-स्ट्रोक झाला असेल तर त्याचे एकदम दोन. आईचे आत्ताच पाच होतात, पंचाहत्तरी लागली की सहा.

तुमच्या वाचनात कदाचित २०२५ चा कोरियातला अभ्यास येईल, म्हणून सांगूनच टाकते. ८४० पेशंट, अ‍ॅब्लेशननंतर किमान वर्षभर एएफ परत न दिसलेले, त्यांच्यापैकी ज्यांची गोळी बंद केली त्यांना स्ट्रोक आणि मोठा रक्तस्राव मिळून धरले तर कमी त्रास झाला. चांगला अभ्यास आहे आणि त्यामुळे पुढे काही लोकांची गोळी खरंच सुटेल, मला त्याचा आनंदच आहे. पण ते पेशंट सरासरी साठीतले आणि मध्यम जोखमीचे होते, तुमच्या आईसारखे स्ट्रोक होऊन गेलेले आणि पाच मार्कांचे नव्हेत. तो निकाल त्यांना लावता येत नाही.

हिरड्यांचं काय करायचं ते बघू. दातांच्या डॉक्टरांना दाखवा, बरेचदा कीट साफ केली की थांबतं. गोळीबरोबर अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली पेनकिलर चालू आहे का बघा, रक्त येण्याचं कारण तिथेच सापडतं. किडनीची तपासणी करून डोस वयाला आणि वजनाला योग्य आहे का हे डॉक्टरांना विचारा. दोन वेळेची गोळी असेल तर दोन्ही वेळा घ्यायचीच, एक वेळ चुकवून "अर्धी पातळ" असं काही होत नाही.

भोर तालुक्यातून: माझ्या बहिणीला लहानपणी सांधेताप झाला होता. वय ३८. व्हॉल्व्ह आकसलाय, आठ वर्षांपूर्वी पुण्यात बलून केला. आता एएफ आहे, अ‍ॅसिट्रॉम चालू आहे, ती रक्त पातळ करायची गोळी, आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी, करायला पुण्याला यावं लागतं. हे नवीन अ‍ॅब्लेशन केलं तर सुटका होईल का? किंवा ती आयएनआर न लागणारी गोळी?

वर सगळं जे लिहिलं ते व्हॉल्व्ह ठीक असलेल्या लोकांचं होतं, आणि मोठ्या ट्रायलमध्येही तसेच पेशंट असतात. तुमच्या बहिणीचा आजार वेगळा आहे. व्हॉल्व्ह आकसलेला असला की डाव्या कप्प्यावर वर्षानुवर्षं दाब येतो, तो फुगतो, भिंतीत जागोजागी व्रण होतात, मग एएफच्या ठिणग्या फक्त शिरांच्या तोंडाशी राहत नाहीत आणि नुसता तिथे बांध घालून भागत नाही. म्हणून आधी इको करून व्हॉल्व्ह पुन्हा आकसलाय का हे पाहणं गरजेचं. ऑपरेशनने व्हॉल्व्ह बदलायची वेळ आलीच तर त्याच वेळी सर्जन एएफसाठीही काही करू शकतात, ते विचारून ठेवा.

गोळीचं मात्र ठाम सांगते, अ‍ॅसिट्रॉमच चालू ठेवा. सांधेतापाच्या व्हॉल्व्हचा आजार आणि एएफ असलेल्या साडेचार हजारांवर पेशंटची एक ट्रायल २०२२ मध्ये आली, आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या लोकांची, म्हणजे आपल्यासारख्याच देशांतली. तिथे नवीन गोळीपेक्षा जुन्या प्रकारच्या गोळीवर मृत्यू कमी झाले. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये राहिला पाहिजे. दर वेळी पुण्याला यायची गरज नाही, भोरमध्ये चांगल्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट फोनवर डॉक्टरांना पाठवता येतो का हे त्यांना विचारा, बरेच डॉक्टर हो म्हणतात. पालक, मेथी बंद करायची नाही, फक्त रोज साधारण सारखं खायचं, एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्यात अजिबात नाही असं नको. आणि मूल होण्याचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटायचं, नंतर नाही, या गोळीने बाळाला इजा होऊ शकते.

औंधहून: इन्शुरन्सवाले म्हणतात नवीन पद्धतीचा कॅथेटर महाग, पूर्ण पैसे देणार नाही.

असं होतंय खरं. आधी प्री-ऑथरायझेशन, म्हणजे खर्चाची आगाऊ मंजुरी, लेखी घ्या, त्यात कॅथेटरचा खर्च वेगळा लिहून मागा, तोंडी "होऊन जाईल" वर अ‍ॅडमिट होऊ नका. डॉक्टरांकडून हीच पद्धत का हवी याचं पत्र घ्या. आणि फरकाची रक्कम खिशातून द्यावी लागणार असेल आणि ती जड जात असेल तर रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा क्रायो करून घ्यायला अजिबात कमीपणा मानू नका, अनुभवी हाताने केलेलं जुनं अ‍ॅब्लेशन हे नवख्या हाताने केलेल्या नव्यापेक्षा मी केव्हाही निवडेन. कर्ज काढून नवीन मशीन गाठायचं एवढा दोन्हींत फरक नाही.

धायरीहून एक वारकरी: माझं अ‍ॅब्लेशन होऊन तीन आठवडे झाले, भाजायच्या पद्धतीचं. मधूनच पुन्हा धडधडतं, म्हणजे फेल गेलं का? आणि दोन महिन्यांनी माऊलींची पालखी आहे, दरवर्षी जातो, यंदा जाऊ का?

माऊली, पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड अपयशात धरत नाहीत. आतली जखम भरत असते, सूज असते, त्याने ठोके बिथरतात आणि बरेचदा आपोआप थांबतात. ईसीजी काढून ठेवा, डॉक्टरांना कळवा, पण फेल गेलं म्हणून खचू नका.

मात्र तुमचं अ‍ॅब्लेशन भाजण्याचं झालंय म्हणून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. साधारण दोन महिन्यांपर्यंत, विशेषतः दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, ताप आला, थंडी वाजली, गिळताना छातीत दुखलं, बोलण्यात किंवा हातापायात काही फरक वाटला तर गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिक घेऊन बसायचं नाही, जिथे अ‍ॅब्लेशन झालं तिथेच तडक जायचं आणि "अ‍ॅब्लेशन झालंय" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. अन्ननलिकेला इजा झालीय का हे छातीच्या सीटी स्कॅनवर बघतात. अशा वेळी दुर्बीण घालून एंडोस्कोपी करू द्यायची नाही, तिच्यात हवा भरतात आणि ती हवा हृदयात शिरू शकते. ही केस फार क्वचित होते, तुम्हाला होईल असं मी म्हणत नाही, पण ज्यांना होते त्यांचा जीव वेळेवर ओळखण्यावरच वाचतो.

वारीचं म्हणाल तर तोवर जांघेची जखम कधीच भरलेली असेल. निघण्याआधी एकदा तपासून घ्या, इको आणि ईसीजी ठीक असेल तर जा. आतापासून रोज थोडं थोडं चालणं वाढवा, एकदम पालखीतच सुरुवात नको. दिवे घाटाची चढण गर्दीच्या रेट्यात चढायची असते, तिथे दम लागला तर बाजूला बसा, दिंडीतल्या कुणाला तरी तुमच्या आजाराची कल्पना असू द्या. पाणी कमी पडलं की एएफ उचल खातं, त्यामुळे पाणी-ताक घेत राहा, उपवास असला तरी. ब्लड थिनर पुढच्या मुक्कामी मिळेल या भरवशावर राहू नका, पूर्ण वारीला पुरेल एवढा आणि वर एक आठवड्याचा साठा दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात, कारण पावसात एक पिशवी भिजतेच.